एका देठाची दोन पानं

ती भट्टीपाशी वाकून फाटकाची बिजागरी ठोकत होती, तेव्हा दारातून कुणीतरी विचारलं, "लोहार आहेत का?"

"आहेत की," ती मान वर न करता म्हणाली. "बोला."

तो इकडेतिकडे लोहार शोधत राहिला. मग त्याची नजर तिच्या हातातल्या हातोड्यावर गेली... आणि तो कानापर्यंत लाल झाला.

समोरच्या मनोऱ्यावरचं बंद पडलेलं घड्याळ दुरुस्त करायला आलेला घड्याळजी होता तो. घड्याळाचं वजन टांगायचा आकडा तुटला होता, तसाच दुसरा हवा होता. दुसऱ्या दिवशी आकडा घेऊन तो गेला, पण त्याचं येणं काही थांबलं नाही. कधी खिळा, कधी कडी. दाराशी खुर्ची टाकून बसलेले तिचे बाबा मिश्कीलपणे म्हणत, एवढ्या खिळ्यांत तर नवा मनोरा उभा राहिला असता.

बाबांचे हात आता थरथरत. हातोडा त्यांनी लेकीला दिला होता, पण मनापासून नाही. महिनाअखेर भट्टी बंद करायची आणि ऐरण विकायची, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं; गिऱ्हाईकही पाहून ठेवलं होतं. लोखंडाशी झुंजणं हे काय पोरीचं काम आहे, आपल्यापायी तिचा जन्म कशाला धुरात जायचा, हेच त्यांचं पालुपद. तिने वाद घालून पाहिला, अबोला धरून पाहिला. बाबा हलले नाहीत.

ऐरण म्हणजे तापलेलं लोखंड ज्यावर ठेवून घाव घालतात तो भक्कम ठोकळा. ही तर पणजोबांनी भट्टी विकत घेतली, तेव्हा तिच्याबरोबर आलेली. काम सुरू करण्याआधी बाबा तिच्यावर हातोड्याचा एक हलका ठोका देत आणि ती घडवणाऱ्या अनोळखी माणसाचे आभार मानत. आता तो ठोका लेक देई. बाबांची एकच इच्छा उरली होती. ऐरण घराबाहेर जाण्याआधी तो माणूस कोण हे कळावं, एकदा तरी त्याचे नीट आभार मानता यावेत.

हे ऐकून घड्याळजी ऐरणीपुढे उकिडवा बसला. डोळ्याला भिंग लावलं, काही दिसेना. मग डोळे मिटून तो ऐरणीवर बोटं फिरवू लागला.

"ऐरणीला गुदगुल्या होत नाहीत," ती म्हणाली.

"तुम्हाला होतात?"

ती एकदम भात्याकडे वळली. भट्टीला वाऱ्याची मुळीच गरज नव्हती.

त्याचं बोट ऐरणीच्या कमरेपाशी थांबलं. रंगाखाली काहीतरी होतं. हा रंग किती जुना, असं त्याने विचारलं, तेव्हा बाबा ओशाळले. गंजू नये म्हणून ते दरवर्षी तिला काळा रंग देत. त्यांचे वडील देत, आजोबाही देत. ज्याचे रोज आभार मानायचे, त्याचीच खूण सगळ्यांनी मिळून मायेने झाकून टाकली होती.

तिने तारेचा ब्रश उचलला. त्याने तिचं मनगट धरलं. घासलं तर रंगाबरोबर खूणही जाईल, म्हणाला. मग रंग भिजवत, लाकडी पातीने एकेक थर सोलत दोघं बसले. काम कधीचं संपत आलं होतं, पण मनगट सोडायचं त्याच्या बराच वेळ लक्षात आलं नाही... आणि तिनेही आठवण करून दिली नाही.

शेवटच्या थराखाली एका देठाची दोन पानं निघाली, एक मोठं, एक छोटं. अक्षर एकही नाही. बाबांनी सुस्कारा सोडला.

घड्याळजी मात्र ताडकन उठला. "चला."

"कुठे?"

"वर!"

मनोऱ्याचा जिना अरुंद होता. वर चाकांच्या मागे घड्याळाचा लोखंडी सांगाडा होता आणि त्याच्या पाठीवर तीच दोन पानं. रोज सकाळी तो ती पुसत असे. त्याखाली छिन्नीने कोरलं होतं: समोरच्या भट्टीत बापाने आणि लेकीने घडवले.

ती त्या छोट्या पानावर बोट ठेवून उभी राहिली. डोळे भरून आले होते.

"पहिल्याच दिवशी तुम्हाला पाहिलं, तेव्हाच मला हे आठवायला हवं होतं," तो हळूच म्हणाला.

तिने खाली येऊन बाबांना सगळं सांगितलं. ते उठले आणि बाहीने ऐरणीवरचं छोटं पान पुसलं.

"म्हणजे आजवर माझे अर्धेच आभार पोचले," ते म्हणाले. "त्या गिऱ्हाइकाला निरोप दे. ऐरण विकायची नाही. भट्टी तुझी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ऐरणीवर ठोका दिला आणि बाबांसोबत त्या बाप-लेकीचे आभार मानले. तेवढ्यात मनोऱ्यावरून ठणठणीत टोला आला. कित्येक वर्षांनी. बाबांनी हात जोडले.

थोड्या वेळाने घड्याळजी दारात आला.

"घड्याळ चालू झालं," ती म्हणाली. "म्हणजे... तुमचं काम संपलं."

"त्याला दर आठवड्याला किल्ली द्यावी लागते. कुणीतरी इथेच राहायला हवं."

"मग मिळालं का कुणी?"

"मीच राहतोय."

ती खाली वाकून खिळ्यांच्या डब्यात हात घालू लागली, चेहरा दिसू नये म्हणून. "आज काय देऊ? खिळा की कडी?"

"आज काही नकोय," तो म्हणाला. "आज नुसता तुमच्यासाठी आलोय."

तिने डबा बंद केला. बाबांनी आपली खुर्ची थोडी सरकवली आणि त्याला आत यायला वाट करून दिली.