सोल्डरवरची फुंकर

फोनच्या कडेचा खटका खाली ओढायचा, रेकॉर्डिंग लावायचं आणि लॅपटॉपवरची आवाजाची रेघ सरळ राहते का ते बघायचं. राहिली तर फोन पास. खटका ओढला की माइकची वीजच तुटते, मग फोनला कुणाचं बोलणं ऐकताच येत नाही. हाच तर ताईच्या या फोनचा मोठेपणा. आराखडाही सगळ्यांना खुला, कुणीही बघावा, कुणीही बनवावा. लोकवर्गणीची मोहीम उद्यावर आली होती आणि ताई सकाळपासून टेबलाला चिकटून बसली होती.

कल्पना तिच्या धाकट्या भावाची. तो जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. हात सोन्याचे, पण खोड एकच: तारांच्या जोडावर वितळलेलं सोल्डर लावलं की त्यावर फुंकर मारायची. "फुंकू नकोस रे, जोड कच्चा राहतो," म्हणून ताई ओरडायची. "भाजलंय बिचारं," म्हणून तो हसायचा, आणि पुन्हा फुंकायचा. आता सोल्डर तीच लावत होती, शहाण्यासारखी, न फुंकता.

पहिल्या फोनची रेघ सरळ गेली. अगदी शेवटी मात्र एक बारीकसा उंचवटा आला.

तिने हेडफोन कानाला लावले. कुणीतरी हलकेच फुंकर मारली होती.

"पंखा असेल," धाकट्याचा मित्र म्हणाला. सॉफ्टवेअरचं काम त्याच्याकडे होतं. त्यांनी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, दुसरा फोन घेतला, तिसरा घेतला. सगळ्यांत फुंकर. शेवटी ताईने एका फोनमधला माइकच उपटून काढला.

तरीही फुंकर.

मित्राचं तोंड उतरलं. "ताई, उद्या सगळ्यांसमोर हीच चाचणी करून दाखवायचीय. रेघ हलली तर लोक आपल्याला खोटारडे म्हणतील. मग कुठला फोन आणि कुठलं काय!"

तो चहा आणायला गेला. ताईने हेडफोन पुन्हा लावले आणि ती तेवढीच फुंकर ऐकत राहिली. खरं तर तिला भीती वाटायला हवी होती, पण तिला भरून आलं.

"उद्या नको रे, सोन्या," ती फोनवर वाकून म्हणाली. "तुझंच स्वप्न आहे ना? उद्या आवाज करू नकोस."

दुसऱ्या दिवशी भरल्या सभागृहात तिने खटका ओढला. रेघ शेवटपर्यंत सरळ गेली. टाळ्या पडल्या, वर्गणीचा आकडा भराभर चढायला लागला आणि मित्र आनंदाने रडायलाच लागला.

लोक पांगल्यावर ती फोनांपाशी एकटी बसली. एकेक फोन तिने पुन्हा तपासला. कशातच काही नव्हतं.

"जन्मभर माझं एक ऐकलं नाहीस," ती म्हणाली, "आणि आजच कसं ऐकलंस रे?"

डोळे पुसून ती फोन आवरायला लागली. एकाच्या काचेवर धुरकट डाग होता. तिने बाहीने पुसला. गेला नाही.

डाग आतून होता. काच तर तिनेच चिकटवून बंद केली होती.

तो हळूहळू आक्रसला, नाहीसा झाला आणि पुन्हा उमटला.

टेबलावरच्या बाकीच्या काचाही धुरकट होत होत्या. सगळ्या एकाच वेळी धुरकट व्हायच्या आणि एकाच वेळी निवळायच्या, जराही आवाज न करता.