अठ्ठेचाळीस जणांचं विरजण

वरणखेडच्या कर्करोग रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मंगळवारी सकाळी गणकाच्या पडद्यावर दोन आकडे उमटले आणि डॉ. चारुलता खेरडेकरांचा चहा तसाच निवून गेला.

एका रांगेत वीस, दुसरीत एकोणीस.

"बरोबरी," समोर बसलेले हेमंत उकिडवे म्हणाले. उकिडवे या चाचणीचे संख्याशास्त्रज्ञ. कुठल्याही जिन्याला पायऱ्या किती, कुठल्या पंगतीत पानं किती, हे त्यांना विचारावं लागत नसे. न विचारताच ते सांगत. "खऱ्या पुड्या घेणारे चोवीस, त्यातल्या वीस जणांच्या गाठी आक्रसल्या. कोऱ्या पुड्या घेणारे चोवीस, त्यातल्या एकोणीस जणांच्या. म्हणजे तुमचं औषध आणि नुसती पिठी, दोन्ही सारखीच गुणकारी."

"पिठीने आतड्याची गाठ आक्रसत नाही, सर."

"तेच म्हणतोय. पण गुरुवारी समिती बसेल. नियम आधीच ठरलाय. दोन रांगांत फरक नसेल तर चाचणी बंद, उरलेल्या पुड्या जाळायच्या."

औषध म्हणजे एक जिवाणू होता. चारुलताबाईंनी नऊ वर्षं खपून त्याला घडवला होता आणि त्याचं नाव पहारेकरी ठेवलं होतं. वाळवून त्याची भुकटी करायची, ती कोमट दुधात मिसळून लगेच प्यायची.

"मला पुन्हा एकदा सांगा," उकिडवे म्हणाले, "हा पहारेकरी निरोगी माणसाच्या पोटात गेला तर काय करतो?"

"काहीच नाही. त्याला तिथे खायला मिळत नाही. बारा दिवसांत बाहेर पडतो. पोटात गेल्यावर गाठीच्या पेशी जे द्रव्य सोडतात, त्यावरच तो जगतो. गाठ असेल तर तिथे बिऱ्हाड करतो, तिला पोखरतो, आणि ती संपली की स्वतःही संपतो. शौचाच्या नमुन्यात त्याची खूण सापडते. पण कोणाला खरी पुडी आणि कोणाला कोरी, हे मला कळू नये म्हणून ती तपासणीच आपण केली नव्हती."

"मग कोऱ्या पुडीचे एकोणीस बरे कशाने होतायत? कुठे राहतात हे लोक?"

"बहुतेक सगळे मागच्या धर्मशाळेत. स्वयंपाक स्वतः करतात."

उकिडवे उठले. धर्मशाळेपर्यंत एकशे बारा पावलं भरली.

धर्मशाळेच्या सामायिक स्वयंपाकघरात यमुनाबाई कोलते ताक घुसळत होत्या. वय अठ्ठावन्न, गाठ मोठ्या आतड्यात, आणि आवाज असा की वॉर्डातल्या परिचारिका त्यांना विचारून खाटा हलवत. त्यांनी दोघांपुढे दोन पेले ठेवले. चारुलताबाईंनी रोजच्यासारखा आपला उचलला.

"मला दही-ताक चालत नाही," उकिडवे म्हणाले. "लगेच सर्दी होते. उभ्या जन्मात घेतलेलं नाही."

"पाडव्याला मी धाडलेलं श्रीखंड चाललं की. तीन वाट्या."

"श्रीखंड म्हणजे दही नव्हे."

"बरं," यमुनाबाई म्हणाल्या. साहेबलोकांशी काय वाद घालायचा, असं ते 'बरं' होतं.

उकिडव्यांची नजर फळीवर गेली. अकरा मडकी ओळीने मांडलेली. "एवढं दही कोणासाठी?"

"सगळ्यांसाठी. औषधाचं आहे ना ते."

चारुलताबाईंचा पेला ओठांशीच थांबला.

यमुनाबाईंनी काहीही न लपवता सांगितलं. पहिल्या आठवड्यात पुडी घातलेलं दूध त्यांना मळमळीने जाईना. वाया कसं घालवायचं म्हणून झाकून ठेवलं. सकाळी बघतात तर सुरीने कापावं असं घट्ट दही. ते पोटात राहिलं. मग शेजारच्या खाटेवरच्या कुसुमनेही तसंच केलं, तर तिचं दूध नुसतं नासलं.

"तेव्हा कळलं, कुसुमच्या पुडीत जीव नाही. मग बहुतेकांनी आपापलं दूध लावून बघितलं. ज्यांचं लागलं त्यांनी न लागलेल्यांना विरजण दिलं. विरजण मागितल्यावर नाही म्हणतं का कोणी?"

तीन देशांतल्या गणकांनी कुलूपबंद केलेलं गुपित धर्मशाळेतल्या पातेल्यांनी एका रात्रीत फोडलं होतं.

"अहो यमुनाबाई, मला सांगायचं तरी," चारुलताबाई म्हणाल्या.

"कसं सांगणार? पहिल्याच दिवशी तुम्ही आमच्याकडून वचन घेतलं. कोणाला खरी, कोणाला खोटी, ते तुम्हांला कळता कामा नये. आम्ही ते पाळलं."

उकिडव्यांनी वही काढली. "कोणी कोणाला कधी दिलं, आठवतं का?"

यमुनाबाईंना सगळं आठवत होतं. कोणाची लेक डब्यात घालून कुठल्या गावी घेऊन गेली, तिथून पुढे कोणाकडे गेलं, वार आणि तिथीसकट. दिवेलागणीनंतर विरजण देत नाहीत, त्यामुळे वेळही पक्की. उकिडवे चाळीस मिनिटं लिहीत होते. इतका समाधानी चेहरा त्यांच्या लग्नातल्या फोटोतही नव्हता.

लिहून झाल्यावर त्यांनी ते आपल्याकडच्या खऱ्या-कोऱ्या पुड्यांच्या यादीशी ताडून बेरीज केली. कोऱ्या पुडीच्या चोवीस जणांपैकी एकवीस जण हे दही खात होते. त्यातले एकोणीस सुधारले. उरलेले तिघं खात नव्हते. त्यातला एकही नाही.

"हा खरा फरक," ते हलकेच म्हणाले. "पुडीत नाही, वाटीत आहे. पण तिघांवर सिद्धता उभी राहत नाही. हे तिघं आणखी बारा आठवडे असेच राहिले, आणि असेच आणखी काही सापडले, तर समितीला मुदत मागता येईल. औषध वाचेल."

"असेच राहिले म्हणजे?"

"दह्यावाचून."

तिघांपैकी दोघं घरच्या डब्यावर होते. तिसऱ्या गोदावरी सपकाळे. त्यांची गाठ महिन्यात दुप्पट झाली होती. बारा आठवडे हा आकडा त्यांच्यापुरता फार मोठा होता.

"गोदावरी का खात नाही?" चारुलताबाईंनी विचारलं.

यमुनाबाई पहिल्यांदाच खाली बघू लागल्या. "कपड्यांच्या दोरीवरून भांडण झालं. माझं लुगडं तिने काढून ठेवलं ओलंच. तेव्हापासून बोलणं नाही. तिने मागितलं नाही, मी दिलं नाही." मग थोड्या वेळाने, "तिची पुडी पण कोरी आहे?"

"आहे," चारुलताबाई म्हणाल्या. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "सर, मी त्या तिघांना खरं सांगणार आहे. सगळ्यांचे नमुने आज घ्या, तिघं आधी कोरे होते याची नोंद राहील. मग त्यांचं त्यांनी ठरवावं."

"मग समिती चाचणी बंद करणार."

"करू दे."

उकिडव्यांनी चष्मा पुसला. "नमुन्यांत माझाही घ्या," ते म्हणाले. "यंत्र सगळ्यांनाच 'आहे' म्हणत नाही ना, हे बघायला एक हमखास 'नाही' लागतो. या आवारात दही न खाणारा निरोगी माणूस मी एकटाच दिसतोय."

दुपारी गोदावरीबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. चारुलताबाईंनी सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी हिच्या हातचं खाल्लं नाही म्हणून."

यमुनाबाई दारात वाटी घेऊन उभ्या होत्या. "दोरी तुझी," त्या म्हणाल्या. "सगळी. मी माझं लुगडं झुडपावर टाकीन. घे."

"आंबट असेल."

"तू तरी कुठे गोड आहेस?"

गोदावरीबाई उठून बसल्या. वाटी संपेपर्यंत दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. संपल्यावर मात्र जे सुरू झालं ते परिचारिकेला दिवे मालवून थांबवावं लागलं.

गुरुवारी समितीने नियमाप्रमाणे चाचणी बंद केली. पुड्या जाळल्या गेल्या. दह्याबद्दल आदेशात शब्द नव्हता, कारण आदेश लिहिणाऱ्यांच्या कल्पनेतही दही नव्हतं. उकिडव्यांनी मात्र यमुनाबाईंच्या तोंडची यादी समितीपुढे ठेवली. त्यांचं म्हणणं असं: विरजण गावोगाव आपल्या पायांनी चाललंय. ते ज्या गावी अजून पोचलं नाही ते गाव आज कोरं, पोचेल त्या दिवसापासून खरं. कोणालाही अडवायला नको, फक्त तारखा लिहायच्या. समितीने दोन तास वाद घातला आणि नवी चाचणी मंजूर केली.

त्याच संध्याकाळी नमुन्यांचे निकाल आले. पंचेचाळीस रुग्णांत पहारेकरी आहे. तिघांत नाही. उकिडव्यांत आहे.

"यंत्र चुकलं," उकिडवे म्हणाले.

चारुलताबाईंनी पुन्हा तपासलं. वीस दिवसांनी पुन्हा. त्यानंतर त्यांनी उकिडव्यांना स्कॅनला झोपवलं. ते नको म्हणाले नाहीत. पाडव्याला तीन वाट्या. त्याला आता साडेचार महिने झाले होते. निरोगी माणसाच्या पोटात पहारेकरी किती दिवस टिकतो, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

स्कॅनच्या खोलीबाहेरच्या बाकावर गोदावरीबाईही बसल्या होत्या. त्यांचा निकाल आधी आला: गाठ एक तृतीयांशाने कमी. मग चारुलताबाई उकिडव्यांचं चित्र घेऊन बाहेर आल्या.

"तुरीच्या डाळीएवढी आहे," त्या म्हणाल्या. "मोठ्या आतड्यात. कडा पोखरलेल्या आहेत. पाडव्याला बहुधा वाटाण्याएवढी असेल. आणखी वर्षभर तुम्हांला काहीच जाणवलं नसतं, आणि मग फार उशीर झाला असता."

उकिडव्यांनी चित्र हातात घेतलं. मोजण्यासारखं त्यात एकच होतं.

"शेहेचाळीस," ते म्हणाले. वही काढून त्यांनी यादीच्या तळाशी आपलं नाव लिहिलं, पुढे पाडव्याची तारीख टाकली, आणि 'कोणाकडून' या रकान्यात यमुनाबाई कोलते.

मग ते एकशे बारा पावलं चालून धर्मशाळेत गेले. यमुनाबाई दिवा लावायच्या बेतात होत्या.

"लावू नका अजून," उकिडवे दारातूनच म्हणाले. "थोडं विरजण हवं होतं."

यमुनाबाईंनी काडीपेटी खाली ठेवली आणि फळीवरचं मडकं काढलं.