शीर्षक नसलेलं फीड

हुबळीच्या केशवापुरात आमचं एक छोटं ध्वनी-वाचनालय आहे. नजर अधू झालेल्या माणसांना घरबसल्या ऐकता येतील अशा मराठी आणि कन्नड पॉडकास्टांची सूची करायचं काम माझ्याकडं आहे. इंटरनेटवर दुवा शोधायचा, तो चालतो का बघायचं, थोडं ऐकायचं आणि विषय, भाषा, गाव लिहून योग्य विभागात टाकायचं. सोबत त्याचं फीडही नोंदवायचं, म्हणजे नवा भाग आला की ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. मला चारशे बारा दुवे सापडले होते. निम्मे कधीच बंद पडलेले.

शेजारच्या टेबलावर नूतन बसते. तिचे वडील जोतिबाकाका रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. वर्षभरापासून त्यांना विसर पडू लागला होता. त्या सोमवारी सकाळी ते जुन्या हुबळीतल्या घरातून बाहेर पडले आणि परतलेच नाहीत. फोन घरीच होता. साखरेच्या गोळ्याही.

गुरुवारपर्यंत पोलिसांत तक्रार झाली, दवाखाने झाले, स्टेशन झालं. नूतन रस्तोरस्ती फोटो दाखवत हिंडत होती. मी सकाळी तिच्याबरोबर फिरून साडेदहाला कार्यालयात आले आणि हात रिकामे राहू नयेत म्हणून सूची उघडली.

तेव्हा ते फीड दिसलं. शीर्षक नाही. मालकाचं नाव नाही. तीन ध्वनिमुद्रणं, सोमवारपासून रोज एक, बरोबर अकरा वाजताचं. मी पहिलं लावलं. घासत चाललेल्या चपला. दूरवर मोटारी. मग खोकला, आणि पुटपुटणं: "हां हां, जातो की."

आवाज जोतिबाकाकांसारखा वाटला. मी ते परत ऐकलं. मग नूतनला फोन लावून तिला ऐकवलं.

"गौतमी, अप्पा आहेत गं हे," ती म्हणाली. "कुणी केलं रेकॉर्ड?"

"माहीत नाही. तू इकडं ये."

मधल्या दोन ध्वनिमुद्रणांतही नुसत्या चपला आणि खोकला होता. ती पोचली तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि चौथं ध्वनिमुद्रण आलं होतं. आम्ही दोघी डोकी जुळवून ऐकत बसलो. काकांचा श्वास उथळ झाला होता. बाहेर कंडक्टर "यल्लापूर, यल्लापूर" ओरडत होता. आणि त्या सगळ्याखाली एक यंत्र चालू होतं. थप, थप, थप, मग पट्टा घसरल्यासारखी एक खरखर. पुन्हा थप, थप, थप.

ती खरखर मी ओळखत होते.

कुठं ऐकली ते मात्र आठवेना. मी सूचीतला शेतीचा विभाग उघडला आणि यल्लापूरच्या रस्त्यावरच्या गावांचे पॉडकास्ट एकेक करून लावू लागले. नूतन शेजारी पदर मुठीत धरून उभी होती. सहावा लावला. कलघटगीचा एक बियाणंवाला दुकानाच्या मागच्या खोलीत बसून मक्याच्या पेरणीबद्दल सांगतो. त्याच्या बोलण्यामागं तीच थप, थप, थप. तीच खरखर.

"हेच!" मी जवळजवळ किंचाळले.

बियाणंवाल्या बाबूअण्णांचा नंबर नोंदीतच होता.

"अण्णा, तुमच्या मागं कसलं मशीन आहे?"

"पिठाची गिरणी आहे की. का हो अक्का?"

"तिच्या आजूबाजूला एखादा म्हातारा माणूस दिसतोय का बघा. आत्ता जा. फोन ठेवू नका."

चपलांचा आवाज आला. लोखंडी दार ओढल्याचा आवाज आला. कन्नडमध्ये कुणीतरी काही बोललं.

मग अण्णा म्हणाले, "आहेत. गोदामात, पोत्यांवर. जिवंत आहेत, अक्का."

आम्ही रिक्षानं कलघटगी गाठली. तोवर अण्णांनी डॉक्टरांना बोलावलं होतं. काका पेज पीत होते. त्यांनी नूतनकडं पाहिलं आणि तिचं नाव घेतलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा. ती गोदामाच्या दारातच बसून हसत-रडत राहिली. गिरणीवरच्या बायका टाळ्या वाजवत होत्या.

मी पोती हलवून पाहिली. फोन नव्हता. वायर नव्हती. काकांच्या खिशात फक्त एक रुमाल.

"काका, तुमच्याजवळ कोण होतं?"

"होतं की कोणतरी," ते शांतपणे म्हणाले. "बोलत नव्हतं. ऐकत बसायचं."

संध्याकाळी जुन्या हुबळीतली आख्खी गल्ली रस्त्यावर आली. नूतनच्या शेजारच्या तानूबाईंनी मला उचलायचाच प्रयत्न केला. काकांना हार घातले, मग मलाही घातला. पुढच्या आठवड्यात सूची प्रसिद्ध झाली तेव्हा सभागृहात उभं राहायलाही जागा नव्हती, आणि काका पहिल्या रांगेत बसून सगळ्यांना सांगत होते, "ह्या पोरीनं मला कानानं शोधलं." इतका आनंद मला कामातून कधी मिळाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, काका सापडल्यापासून गप्प असलेल्या त्या फीडवर नवा भाग आला.

पाणी ठिबकत होतं. बांगड्या वाजल्या. मग एक बाई कण्हली, आवाज मी कधीही न ऐकलेला.

मी कागद-पेन ओढलं.

दमलेल्या, अगदी जवळच्या आवाजात ती म्हणाली, "गौतमी, निघालीस का गं?"