पहिली वेलांटी

ही घटना मी तीनदा लिहायला घेतली आणि तिन्ही वेळा पुसून टाकली.

शेवटी ताईनेच परवानगी दिली. एका अटीवर. "जे झालं तेवढंच लिही. मीठमसाला लावलास तर तुझं तोंड बघणार नाही."

म्हणून जसं तिने सांगितलं तसंच लिहितोय. ताई म्हणजे माझी मावसबहीण. खोटं बोलायचं झालं तर तिच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. हे सांगताना तिचा चेहरा पांढराफटक होता.

भुतं रात्रीच दिसतात असं ज्यांना वाटतं त्यांनी आधीच ऐकून ठेवा... हे भर दुपारी घडलं. रविवारी. दोन वाजून दहा मिनिटांनी. बाहेर लख्ख ऊन होतं.

ताई तेव्हा एका चॅट नेटवर्कवर मॉडरेटर होती. लोक टोपणनावाने येतात, वेगवेगळ्या खोल्यांमध्ये गप्पा मारतात. कोणी शिव्या दिल्या, कोणी एखाद्या बाईला त्रास दिला, की मॉडरेटरने त्याला बाहेर काढायचं. एवढंच काम. "दिवसभर दुसऱ्यांची भांडणं सोडवायची, घरी येऊन स्वतःची," असं ती म्हणायची.

ऑफिस एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. चार टेबलं, एक पाण्याचं मशीन. बोळाच्या टोकाला एक लोखंडी दार, कायम कुलूपबंद. आत मोडक्या खुर्च्या आहेत, असं तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तिला नोकरीला लागून पाच महिनेच झाले होते. तिने कधी चौकशी केली नाही.

आणि प्रत्येक टेबलावर एक जाडजूड हिरवी फाइल. त्यात नियम. एकूण एकतीस.

ते नियम लिहिले होते हेडमास्तरांनी. ते खरोखरच शाळेतून निवृत्त झालेले मुख्याध्यापक. आता मॉडरेटरांचे प्रमुख. स्वभावाने वाईट नव्हते, पण नियम म्हणजे नियम. कोणी रिपोर्टमध्ये शुद्धलेखनाची चूक केली तर लाल रंगात गोल करून परत पाठवायचे. माणूस मेला तरी चालेल, पण ऱ्हस्व-दीर्घ चुकता कामा नये, अशी ऑफिसात त्यांची थट्टा चालायची.

ताईसुद्धा हसायची त्या थट्टेवर.

त्या रविवारी ती एकटीच ड्युटीवर होती. "दुपारच्या गप्पा" नावाच्या खोलीत अकरा जण होते. झोपाळू, बिनपगारी, आणि सगळ्यात जास्त भांडणारा शांतिदूत. नेहमीचीच मंडळी. कोणाच्या तरी घरमालकावर चर्चा चालली होती.

तेवढ्यात "पाहुणा" नावाने कोणीतरी आलं. ज्याने नाव नोंदवलेलं नाही, त्याला हेच नाव मिळतं.

पाहुण्याने लिहिलं...

"कोणि दार उघडेल का"

कोणी लक्ष दिलं नाही.

पुन्हा तीच ओळ. पुन्हा तीच.

नियम बारा. एकच ओळ तीनदा आली की ताकीद. चौथ्यांदा आली की बाहेर. ताईने ताकीद दिली. चौथ्यांदा ओळ आली. तिने बटण दाबलं आणि पाहुण्याला काढून टाकलं. रोजचंच होतं ते. ती पाणी प्यायला उठली.

मशीनमधून ग्लास भरताना तिला आवाज आला.

टक... टक टक... टक.

कीबोर्डचा आवाज. कोणीतरी टाइप करत होतं.

ऑफिसात तर ती एकटीच होती.

तिला वाटलं, खालच्या मजल्यावरचा असेल. ती परत खुर्चीवर येऊन बसली. आवाज थांबला. आणि स्क्रीनवर ओळ आली...

"कोणि दार उघडेल का"

या वेळी ओळीच्या आधी नावच नव्हतं.

तिने सदस्यांची यादी बघितली. अकरा नावं. तिने बोट ठेवून मोजली. अकराच. पण यादीच्या वर आकडा होता... बारा.

तिने काढायचं बटण दाबलं. उत्तर आलं, "असा सदस्य नाही."

शांतिदूतने लिहिलं, "मॅडम, त्याला उत्तर द्या की. मघापासून विचारतोय बिचारा."

म्हणजे तिला एकटीलाच दिसत नव्हतं ते.

टक टक... टक.

आता आवाज स्पष्ट होता. बोळाकडून येत होता. थांबला की स्क्रीनवर ओळ. पुन्हा आवाज. पुन्हा ओळ. एकदाही चुकलं नाही.

ताई उठून बोळाच्या तोंडाशी गेली. लोखंडी दार बंद होतं. कुलूप जागेवर होतं.

आवाज त्याच्या आतून येत होता.

तिने हेडमास्तरांना फोन लावला.

"सर, एक जण काढला तरी जात नाहीये. यादीत नाव पण नाही त्याचं. आणि सर... त्या बंद खोलीत कोणी आहे का?"

"काय लिहितोय तो?" त्यांनी विचारलं.

तिने ओळ वाचून दाखवली.

मग हेडमास्तरांनी जे विचारलं, ते आठवलं की ताई आजही शहारते.

"कोणी... त्यातल्या णी-ला वेलांटी कोणती आहे? पहिली की दुसरी?"

"सर, हे काय विचारताय तुम्ही या वेळी?"

"बघून सांग, बाळ. पहिली की दुसरी?"

तिने बघितलं.

"पहिली."

फोनवर फक्त श्वास ऐकू येत होता. म्हाताऱ्या माणसाचा, धाप लागल्यासारखा.

"मी येतोय," ते म्हणाले. "त्याला काढू नकोस. त्याला उत्तर दे. लिही, की कोणीतरी येतंय."

"पण सर, नियम चौदा... काढलेल्या सदस्याला उत्तर द्यायचं नाही."

"चौदावा मीच लिहिलाय. मोड तो."

फोन बंद झाला.

ताईने लिहिलं, "थांबा. कोणीतरी येतंय."

आतला आवाज थांबला.

एक मिनिट गेलं. दोन गेली.

टक टक टक.

"कोण"

तिने लिहिलं, "हेडमास्तर."

आणि मग...

आतून कीबोर्ड बडवल्याचा आवाज सुरू झाला. बोटांनी नव्हे, तळहातांनी बडवावा तसा. थांबेचना. पण स्क्रीनवर एक अक्षर उमटत नव्हतं. उलट खोलीतले लोक निघून जायला लागले. झोपाळू गेला. बिनपगारी गेला. कोणी निरोप घेतला नाही. शांतिदूत तर चालू वाक्य अर्धवट टाकून गेला. यादीत एकटं ताईचं नाव उरलं.

वरचा आकडा होता... दोन.

"तू पळाली का नाहीस?" मी तिला विचारलं होतं.

"जिन्याकडे जायचं तर बोळावरून जावं लागतं," ती म्हणाली.

वीस मिनिटांनी हेडमास्तर आले. पायात घरातल्या सपाता. शर्टाची बटणं वरखाली लागलेली. एरवी इस्त्रीची घडी न मोडणारा माणूस. त्यांच्या खिशात त्या कुलपाची किल्ली होती. ताईच्या लक्षात आलं... ती किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नव्हती, त्यांच्या घरच्या जुडग्यात होती.

ते बोळात शिरले तसा आवाज बंद झाला.

त्यांनी कुलूप काढलं. दार ओढलं.

आत मोडक्या खुर्च्या. भिंतीवर उखडलेल्या वायरी. कीबोर्ड नाही, स्क्रीन नाही, साधा विजेचा बोर्डसुद्धा नाही. फक्त वास होता. वायर जळल्यावर येतो तसा. ताजा.

हेडमास्तर आत गेले. मध्यभागी उभे राहिले. आणि त्यांच्यामागे दार आपोआप बंद व्हायला लागलं. हळूहळू... अगदी हळूहळू.

दाराला आतून मूठच नव्हती. नुसतं भोक होतं.

"सर, बाहेर या!"

ते हलले नाहीत. "राहू दे," म्हणाले. "राहू दे, बाळ."

ताईने धावत जाऊन टेबलावरची हिरवी फाइल आणली आणि फटीत खुपसली. दाराने फाइल दाबली. पुठ्ठा वाकला, फाइलमधली लोखंडी कडी कडकन तुटली. ताईने खांदा लावला, हात आत घातला आणि हेडमास्तरांची बाही धरून त्यांना अक्षरशः ओढून बाहेर काढलं.

दोघं जिन्यावर येऊन बसले. मग हेडमास्तर बोलायला लागले.

सहा वर्षांपूर्वी नेटवर्क चालवणारी सगळी मशीनं त्या खोलीत होती. ती सांभाळायला एक जण होता. सगळे त्याला वायरमन म्हणायचे. हात सोन्याचे, पण शुद्धलेखन दिव्य. कोणी, पाणी, लोणी... सगळीकडे पहिली वेलांटी. हेडमास्तरांनी एकदा भर गप्पांच्या खोलीत, शेकडो लोकांसमोर त्याची चूक काढली. तो चिडला. म्हणाला, "मास्तर, शाळा सुटली तुमची, आता घरी जा." स्टाफने सदस्यांसमोर भांडायचं नाही, हा नियम. हेडमास्तरांनी त्याचं नेटवर्कवरचं स्टाफचं नाव काढून घेतलं.

"आणि भांडण उकरलं कोणी?" ताईने विचारलं.

"मी," ते म्हणाले. "पण माझं नाव कोण काढून घेणार?"

दोन दिवसांनी रविवार होता. वायरमन मशीनं तपासायला एकटाच ऑफिसात आला. दार मागे बंद झालं. आतली मूठ महिनाभर ढिली होती, ती हातात आली. फोन बाहेर टेबलावर राहिलेला. मशीनला जोडलेला एक कीबोर्ड तेवढा आत होता. स्टाफचं नाव नव्हतं, म्हणून तो पाहुणा म्हणून आला.

त्या दुपारी घरून ड्युटीवर हेडमास्तर होते.

"पहिली ओळ होती, मशीनच्या खोलीत अडकलोय, कोणि दार उघडेल का. मला वाटलं खिजवतोय. मग दार उघडा, दार उघडा. मी ताकीद दिली. काढलं. तो परत आला. चार वेळा काढलं."

"तो कोण आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं ना, सर?"

त्यांनी ताईकडे बघितलं नाही.

"पहिली वेलांटी होती," ते म्हणाले. "मी पहिल्याच ओळीला ओळखलं होतं त्याला."

थोड्या वेळाने पुढे म्हणाले, "पाचव्यांदा आला नाही. मला वाटलं... दमला."

आत वायर जळून धूर झाला होता. माणूस संध्याकाळी सापडला. हेडमास्तरांनी त्या दुपारची सगळी नोंद पुसून टाकली. त्याच्या बायकोला सांगितलं, झोपेत गेल्यासारखं झालं, त्यांना कळलंही नाही.

ताई उठली. तिला त्यांचा राग आला होता आणि कीवही. "चला," ती म्हणाली.

"कुठे?"

"त्यांच्या घरी. हे त्यांना सांगायला हवं. माझ्यापाशी सांगून काय उपयोग?"

ते मुकाट्याने उठले.

वायरमनची बायको पडदे शिवायची. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. साडेचार वाजले असतील. बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं.

"या, मास्तर," ती म्हणाली. "सव्वादोनपासून वाट बघतेय."

दोघांपैकी कोणीही तिला फोन केलेला नव्हता.

हेडमास्तर आत गेले. ताई त्यांच्या मागोमाग. पण बाईंनी दार लावलं नाही. त्या दाराला धरून तशाच उभ्या राहिल्या. जिन्याकडे बघत. मग जरा बाजूला सरकल्या... कोणाला तरी आत यायला वाट द्यावी तशा.

आणि मग दार लावलं.

हेडमास्तर म्हणाले, "तू जा आता. माझं मी बोलतो." ती निघाली. जिना उतरताना तिला वरून काहीच ऐकू आलं नाही. रडणं नाही, ओरडणं नाही.

त्या दिवसानंतर हेडमास्तर ऑफिसात आले नाहीत. राजीनामा पोस्टाने आला. ताईने महिनाभरात नोकरी सोडली. जाण्याआधी तिने नव्या प्रमुखांशी भांडून एक नियम घालून घेतला, कोणालाही काढण्याआधी एकदा विचारायचं, तुम्ही ठीक आहात ना? बहुतेक लोक त्यावर शिव्याच देतात म्हणे. तरी विचारतात.

तिने हेडमास्तरांना बऱ्याचदा फोन केला. उचलत नव्हते. गेल्या महिन्यात एकदाच उचलला.

"सर, बरे आहात ना? त्यांनी माफ केलं का तुम्हाला?"

"तिने केलं," ते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता, शेजारी कोणी झोपलं असताना बोलावं तसा. "ती चांगली आहे. चहा दिला. खालपर्यंत पोचवायला आली."

"मग?"



"मी तिथून निघालो ना, बाळ... तेव्हा तो घरीच राहिला, की माझ्याबरोबर आला, ते मला अजून कळलेलं नाही."