दत्तप्रसादच्या पाठोपाठ

अठ्ठ्याण्णव सालचा मार्च महिना. दत्तप्रसाद जपानहून परतायला चारच दिवस उरले होते. त्या रविवारी लवू मेस्त्री एक निकामी कॉम्प्रेसर पिकअपमध्ये घालून कुवेतमधल्या अम्गऱ्याच्या भंगारवाल्याकडे निघाला. काम नेहमीचंच. गाडी रत्नागिरीकडचा गफूर चालवत होता. भंगारवाला जेवायला गेलेला, म्हणून दोघांनी डबे खाल्ले. गफूर सिगरेट ओढायला उतरला आणि लवूने सीटवरच मान टाकली. बाहेर धूळ उडत होती आणि लोखंड कापल्याचा करपट वास येत होता. साडेबारा वाजले होते.

लवू अकरा वर्षं कुवेतमध्ये एसीचे मोठे प्लँट दुरुस्त करत होता. खैरानच्या समुद्रकाठच्या बंगल्यांतली जपानी मशिनं त्याच्याच हाताखालची. नुसत्या आवाजावरून तो बिघाड सांगे. त्यामुळे कंपनीने एक माणूस सहा आठवडे जपानला शिकायला पाठवायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यांनी लवूच्याच पाठीवर थाप मारली. त्याने नवी बॅगही आणून ठेवली. आणि मग मुदीरने, म्हणजे त्यांच्या मॅनेजरने, ऑफिसात बोलावून सांगितलं की दत्तप्रसाद जाईल. त्याचा आयटीआय झालाय, त्याला इंग्रजी वाचता येतं.

हा दत्तप्रसाद लवूच्याच गावचा. त्याला कुवेतला आणलं लवूने, पाना हातात कसा धरायचा ते शिकवलं लवूने. सुलैबियाच्या वस्तीत एकाच खोलीत दोघांच्या खाटा. निघताना तो पाया पडला. "लवूदादा, माका वायट वाटता. हो तुझो मान होतो."

लवूने हसून आपली नवी बॅगच त्याला दिली. दिली खरी, पण विमान उडालं त्या दिवसापासून त्याच्या छातीत काहीतरी चरचरत राहिलं. समोरची रिकामी खाट दिसली की घास घशाखाली उतरेना. दत्तप्रसादचा फोन आला, तिथे बर्फ पडतोय म्हणाला, की लवू "बरा, बरा" म्हणे आणि दिवसभर कुणाशी बोलत नसे.

तर त्या दुपारी पिकअपमध्ये त्याचा डोळा लागला. आणि लोखंडाचा वास गेला.

त्या जागी ओल्या गवताचा वास आला. पायाखाली मऊ, थंडगार चटई होती. समोर बुटकं टेबल, पलीकडे दत्तप्रसाद मांडी घालून गरम सूप पीत होता. एक पांढऱ्या केसांची म्हातारी हळूच सरकत आली. तिने लवूपुढे वाडगा ठेवला, मान झुकवली, आणि सरळ त्याच्या डोळ्यांत बघून हसली. दत्तप्रसादने मात्र वर पाहिलं नाही.

गफूरने दार उघडलं तसा लवू जागा झाला. बोटं बर्फासारखी गार पडली होती. जिभेवर एक खारट, अनोळखी चव होती. तो घाबरला नाही, खरं सांगायचं तर. त्याला फार बरं वाटलं होतं. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच.

सोमवारी सकाळी वर्कशॉपच्या फोनवर दत्तप्रसाद होता. आवाज दबलेला.

"लवूदादा, माका हयसर बरा वाटणा नाय."

"कित्याक? काय झाला?"

"मी रवतंय थंयची म्हातारी... काल जेवताना तिना दोन ताटां मांडल्यान. मी येकटोच आसंय म्हटलंय, तर हसाक लागली. समोरच्या रिकाम्या जाग्याक मान लववल्यान. आणि पाठसून कोणतरी चलता, दादा. मी थांबलंय काय ता थांबता."

लवूच्या हातात रिसीव्हर घामाने निसटू लागला. काल जेवण किती वाजता झालं, असं त्याने विचारलं. साडेसहाला, दत्तप्रसाद म्हणाला. जपान कुवेतच्या सहा तास पुढे. लवूने मनात हिशोब केला: इथले साडेबारा.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. निदान ह्या दुपारी झोपायचं नाही, एवढं तरी ठरवायला हवं होतं. पण तो म्हणाला, "थंडीचा होता तसा. गपचूप नीज." आणि जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच एसीच्या डक्टमागे पुठ्ठा टाकून आडवा झाला.

ह्या वेळी तो उजेडाने भरलेल्या एका हॉलमध्ये होता. निरोपाचा समारंभ होता. कोट घातलेली माणसं दत्तप्रसादपुढे कमरेत वाकत होती. त्याच्या हातात कागद दिला, खांद्यावर हात ठेवून फोटो काढले. कुणीतरी त्याच्या मशिन-दुरुस्तीचं कौतुक केलं असावं, कारण सगळे टाळ्या वाजवू लागले. खैरानच्या उन्हात छपरावर भाजून निघत लवूने जे हाताला शिकवलं होतं, त्यालाच त्या टाळ्या होत्या. फक्त त्या दुसऱ्याच्या नावाने. लवू भिंतीला टेकून बघत राहिला. छातीतली चरचर आता आग झाली होती. एकदाच त्याच्या मनात आलं, ह्याने परत येऊच नये.

मंगळवारी तो झोपणार नव्हता, खरंच नव्हता. तोंडावर पाणी मारलं, गफूरशी गप्पा मारत पिकअपमध्ये बसला. गफूर आपल्या बायकोबद्दल, आमिनाबद्दल काहीतरी सांगत होता. तिचं नाव कानात असतानाच डोळे मिटले.

रेल्वेचा फलाट. माणसं गप्प, रांगेत उभी. गार वारा. दत्तप्रसाद अगदी कडेला, खांद्याला लवूची बॅग. लांबून गाडीचा दिवा येत होता. लवूला आपला उजवा हात दिसला. तो उचलला जात होता. आपण तो उचलत नाही, हे त्याला कळत होतं, आणि आपल्याला तो थांबवायचाही नाही, हेही कळत होतं. तळवा दत्तप्रसादच्या पाठीला टेकला. कोटाच्या आतली ऊब लागली...

"लवू! अरे ऊठ, लवू!"

गफूर त्याला गदागदा हलवत होता. लवूचा उजवा हात समोर ताठ झालेला, कोपर वाकेना. "केवढ्याने ओरडलास," गफूर म्हणाला. "आणि हात बघ, बर्फ आहे नुसता."

त्या दिवशी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. म्हातारीच्या घरचा नंबर लवूकडे नव्हता आणि मुदीरला विचारायचं तर काय विचारायचं? बुधवारी दत्तप्रसादचं विमान सुटणार होतं, गुरुवारी सकाळी कुवेतला पोचणार होतं. लवूने ठरवलं की तोवर पापणी मिटायची नाही. रात्रभर तो खाटेवर बसून राहिला, मिठाच्या पाण्याने डोळे धुतले, झोप आली की बाहेर जाऊन भिंतीवर कपाळ आपटलं. देवाचं नाव घेतलं. पहिल्यांदाच मनापासून वाटलं, पोरगा सुखरूप येऊ दे. मला काही नको.

गुरुवारी सकाळी गफूरबरोबर तो विमानतळावर गेला. माणसं बाहेर येत राहिली. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. आणि मग दत्तप्रसाद दिसला. डाव्या हाताला प्लास्टर, गाल खरचटलेला, पण जिवंत. लवू हात पसरून पुढे झाला.

दत्तप्रसाद जागच्या जागी थांबला. बॅग हातातून पडली.

"तू... हयसर कसो?"

"तुका न्हेवक इलंय रे. असो काय बघतंस?"

दत्तप्रसाद लवूला हात लावू देईना. शेवटी गफूरने त्याला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मग तो बोलला, लवूकडे न बघता.

फलाटावर कुणीतरी ढकललं होतं. एका बाईने कॉलर धरून मागे ओढलं म्हणून वाचला, हात मात्र मोडला. मागे वळून पाहिलं तर कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी विमानात बसला. खिडकीशी त्याची जागा. दारं बंद झाली तेव्हा बाजूच्या सीटवर लवू बसलेला होता.

"काय बोलणा नाय. जेवण इला ता जेवणा नाय. नुसतो माझ्याकडे बघी होतो... सात तास. मी डोळे मिटलंय तरी माका कळी होता, बघता म्हणान."

"खोटा!" लवू ओरडला. "मी झोपाकच नाय. गफूर, तू सांग. रातभर जागो होतंय!"

गफूर म्हणाला, "जागा होता खरा. मी तीनदा बघून गेलो."

दत्तप्रसादने पहिल्यांदा वर पाहिलं. लवूच्या चेहऱ्यावरची वेदना त्याला दिसली असावी, कारण त्याचा आवाज जरा मऊ झाला. "बँकॉकाक विमान बदलूचा होता. थंय तो उठलो. माका वाटला, येतलो पाठसून. पण तो दुसऱ्या रांगेत जावन उभो रवलो."

"खंयच्या रांगेत?"

"मुंबयच्या."

तिघे खोलीवर आले. लवूने सगळं सांगून टाकलं, स्वप्नं, फलाट, मनात आलेली ती गोष्टसुद्धा. दत्तप्रसाद म्हणाला, "गेला ता गेला, दादा." पण संध्याकाळी त्याने आपली खाट गफूरच्या खोलीत हलवली. लवूने ती एका बाजूने उचलून दिली.

शुक्रवार सुट्टीचा. दुपारी लवूने फोनकार्ड घेतलं आणि नाक्यावरच्या बूथमधून गावाला घरी फोन लावला. तीन वर्षं तो घरी गेला नव्हता. मुलगी अक्षदा चार वर्षांची असताना निघाला होता, ती आता सात वर्षांची. फोनवर यायला लाजायची.

बायकोने, द्वारकाने, फोन उचलला. तिच्या मागे ताटांचा आवाज येत होता.

"कोण बोलता?"

"मी गो."

"मी म्हणजे कोण?"

"अगो, मी. लवू."

ती हसली, थोडी चिडून, थोडी घाबरून. "कोण ता? मस्करी करू नकात. ते सकाळीच इले. हयसर जेवूक बसले हत."

लवूला बोलायचं होतं. त्याला बाहेर काढ, पोरीला जवळ घे, दार लावून घे, असं सांगायचं होतं. पण तेवढ्यात अक्षदाचं हसू ऐकू आलं. मोठं, खळखळून, कुणाच्या तरी अंगावर लोळत हसावं तसं. ह्या तीन वर्षांत ते त्याच्या वाट्याला एकदाही आलं नव्हतं. तिथे कुणीतरी तिला भरवत होतं, तिच्या केसांवरून हात फिरवत होतं. भीतीच्याही आधी लवूच्या छातीत ती ओळखीची चरचर उठली. बूथच्या काचेला टेकलेली त्याची बोटं गार पडत चालली.

"बाबा," अक्षदा विचारत होती, "फोन कोणाचो?"

आणि पलीकडून लवूचाच आवाज आला, शांत, पोट भरलेल्या माणसाचा.

"कोणाचो नाय गो. तू जेव."