खऱ्या वाक्याची अट

त्याने माझी सायकल पळवली, तिथून सगळं सुरू झालं.

जावा बेटावरच्या आमच्या पारे गावात इंग्रजी शिकायला आलेला जो तो सायकल भाड्याने घेतो, आणि दुकानदाराने सगळ्या सायकली एकाच हिरव्या रंगात रंगवलेल्या. गाडीवरून पेचेलची, म्हणजे शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्यांची, पुडी घेऊन मी वळले, तर सायकल गायब! पुढच्या टोपलीत माझी शब्दांची कार्डं होती. एका बाजूला शब्द, मागे अर्थ आणि उदाहरणाचं वाक्य. तासाभराने एक उंच, सावळा मुलगा घामाघूम होऊन आमच्या क्लासच्या ओसरीवर उभा राहिला. लोम्बोक बेटावरचा हमझान.

"म्बाक वेनिंग," ताई म्हणावं तसं तो म्हणाला, "तुम्हीच ना? कार्डावर क्लासचा शिक्का होता... चुकून नेली हो."

"कार्डं वाचलीत?"

"छे!" मग मान खाली घालून, "...वाचली. 'चिकाटी'च्या मागे लिहिलंय, मी परीक्षेत दोनदा अर्ध्या गुणाने हुकले, पुन्हा बसणार आहे."

माझे कान तापले. असा राग आला त्याचा!

दुसऱ्या दिवशी स्वारी मी शिकवायचे त्याच गटात दाखल. परदेशात शिकायला शिष्यवृत्ती हवी, तिला साडेसहा गुण लागतात, आणि गुणांसाठी हे विद्यापीठातले जडजड शब्द. रोज सकाळी एकेकाने ओसरीवर येऊन वीस शब्द म्हणून दाखवायचे. अर्थ सांगायचा, स्वतःचं वाक्य करायचं. माझी अट एकच होती. वाक्य खरं हवं, आधीच घडलेलं. पोपटपंची मी घेत नसे.

लबाडाने त्या अटीचाच फायदा उठवला.

"'गृहीत धरणे'. म्हणजे पुराव्याशिवाय खरं मानणे. इंग्रजीच्या शिक्षिका म्हाताऱ्या असतात, असं मी गृहीत धरलं होतं."

"पुढचा शब्द."

"'निरीक्षण'. म्हणजे लक्षपूर्वक बघणे. हसू दाबताना म्बाक वेनिंग डावा गाल चावतात, असं माझं निरीक्षण आहे."

"हमझान!"

"खोटं असेल तर खोडा की."

खोडता येत नव्हतं. मी कार्डावर बरोबरची खूण करायचे. तोडणीचे दिवस होते, जळत्या उसाची काजळी ओसरीवर उडत यायची. तो कार्डावर फुंकर घालायचा आणि काटा माझ्या हातावर यायचा. प्रेमात पडले होते मी, सरळ सांगते.

एकच कार्ड तो रोज बाजूला ठेवायचा. यादीतला अगदी पहिला शब्द, 'अबँडन'. सोडून जाणे.

"मी कुणाला सोडून गेलेलोच नाही. खरं वाक्य आणू कुठून?"

"बघू शेवटी," मी म्हणायचे.

परीक्षेला आम्ही दोघं एकाच गाडीने सुराबाया शहरात गेलो. अर्जावर दोघांनीही एकाच विद्यापीठाचं नाव घातलं होतं. का, ते कुणीच कुणाला विचारलं नाही. शिष्यवृत्तीच्या वयात बसायचं माझं हे शेवटचं वर्ष होतं.

निकाल आला. त्याला सात. मला सहा.

"मी जात नाही," तो म्हणाला.

"वेडा आहेस का? तुझ्या गावातून आजवर कोण गेलंय?"

"दोनच वर्षं, वेनिंग." म्हणजे 'म्बाक' गेलं होतं तर! किती वाट पाहिली होती मी त्याची, आणि आलं ते असं. "थांबशील?"

सात वर्षांत या ओसरीवरून कितीतरी जण परदेशी गेले. परत येतो म्हणाले सगळेच. पण पारेला लोक येतात ते परदेशी जायच्या तयारीसाठी. परत कुणी येत नाही.

निघायच्या सकाळी गाडी फाटकाशी उभी असताना तो ते कार्ड घेऊन आला. अर्थ म्हणाला.

"वाक्य... मी तुला सोडून देणार नाही. मी परत येईन."

माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पेन हातात होतं. एक खूण करायची, बस्स.

"भविष्यकाळ चालत नाही," मी म्हटलं. "अट माहीत आहे ना तुला?"

"एकदा तरी घे ना गं..."

"नाही."

मी डावा गाल चावत होते, हसू कुठलंच नव्हतं. ते त्याला दिसलं असणार. पण मी थांब म्हटलं नाही, आणि ड्रायव्हरने दुसऱ्यांदा हॉर्न वाजवला. कार्ड माझ्या मांडीवर ठेवून तो वळला.

धूळ खाली बसली. नव्या गटातल्या मुली सायकली लावून ओसरीवर चढत होत्या. मी कार्ड उलटं केलं आणि अर्थाच्या खाली लिहिलं, हमझान गेला.

वाक्य खरं होतं. आधीच घडलेलं. मी खूण केली आणि पहिल्या मुलीला पुढे बोलावलं.