निवळीचे दोन पेले

मनिराम गुरुजींनी मुर्री गावच्या शाळेतल्या पोरांना जन्मभर एक प्रयोग शिकवला. पेल्यात चुन्याची निवळी घ्या, नळीनं फुंका, पाणी दुधाळ होतं. उच्छ्वासातला वायू तो. अंगातला हा केर बाहेर पडला नाही तर माणूस गुंगीत जातो, हे मात्र त्यांना शामकलाच्या आजारपणात उमगलं. चुलीच्या धुरानं बायकोची फुप्फुसं पार निकामी केली होती. हवा आत जायची, बाहेर यायचं नाव घेत नसे.

रोज दुपारी ते दोघांपुढं दोन पेले ठेवत, पपईच्या देठाच्या नळ्या घालून. "हळू सोड, घाई नको," ते शिकवत. तिचं पाणी जरा पांढरं झालं की दोघांनाही हायसं वाटे.

"माह्या वाटचं तुम्हीच सोडा ना जी," ती दमून म्हणायची.

"सोडून तं राहिलो," म्हणत गुरुजी आपल्या पेल्यात फुंकत.

ती गेली आणि घर खायला उठलं. तरी दोन पेले सुटले नाहीत. एकच भरायला हात धजेना.

दिवाळीनंतर एकदा तिचा पेला दुधाळ दिसला. उघडा राहिला, हवा लागली, असं त्यांनी मनाला समजावलं. विज्ञानाच्या मास्तरानं आणखी काय म्हणायचं? दुसऱ्या दिवशी वर ताटली झाकली. काढली तर पाणी बुडापर्यंत पांढरं. खरं सांगायचं तर गुरुजींना बरंच वाटलं. घरात कोणीतरी होतं.

मग त्यांचं स्वतःचं पाणी स्वच्छच राहू लागलं. कितीही फुंका. निवळीच बिघडली असेल म्हणून त्यांनी शेजारच्या देवकाबाईला बोलावलं. तिनं त्यांच्याच पेल्यात फुंकलं, तर पाणी लगेच दुधाळलं.

"तुमचं काऊन नाही होऊन राहिलं, गुरुजी?"

गुरुजींनी पेला उजेडाकडं धरला.

"डोळे जड दिसून राहिले तुमचे. पोराले फोन करा. नागपूरले नेईल तुम्हाले."

"नको."

नागपूरला गेल्यावर शामकलाचा पेला कोण भरणार?

देवकाबाई गेल्यावर त्यांनी पेला विसळून नवी निवळी ओतली. फुंकलं. बुडबुडे आले. पाणी स्वच्छ.

शेजारच्या, शामकलाच्या पेल्यात बुडबुडे उठले; पाणी पांढरं होत गेलं.

त्यांनी नळी खाली ठेवली. श्वास रोखला.

बराच वेळ गेला. छाती दाटली नाही.

तिच्या पेल्यात बुडबुडे येतच राहिले. हळू, घाई न करता, त्यांनी शिकवलं होतं तसे.